सेकंदाला एकशे वीस

शनिवार, १६ सप्टेंबर २०२३, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. निवृत्त शिक्षक उस्ताज अदीबांनी काउंटरवर तक्ता उलगडला, तो गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर दोन स्क्रू-ड्रायव्हर ठेवले आणि सतरा ओळींपैकी नवव्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

"नऊ. ग्राफिक्स कार्डाची मेमरी. पांढऱ्यात आठ, काळ्यात बारा. गुण काळ्याला."

काउंटरवर दोन तयार संगणक शेजारीशेजारी उभे होते. पांढऱ्याची एक बाजू काचेची होती आणि आतले पंखे निळे-जांभळे दिवे लावून फिरत होते. काळा साध्या पत्र्याचा, रुंद आणि वजनदार होता. दोन्हींची किंमत सारखीच असल्यामुळे किमतीची ओळ तक्त्यात नव्हती. जॉर्डनमधल्या इर्बिदच्या तंत्र महाविद्यालयात एकतीस वर्षं विद्युत यंत्रांची कार्यशाळा चालवलेल्या माणसाने प्रोसेसरपासून पॉवर सप्लायपर्यंत बाकी काहीच सोडलं नव्हतं.

त्यांची नात तुलीन जरा मागे उभी होती. वय सोळा. संगणकावरचे खेळ स्पर्धेत खेळणाऱ्या शहरातल्या मुलींच्या संघात चार जणींमध्ये तिची निवड झाली होती आणि या महिन्यापासून सराव घरूनच करायचा होता. संघाच्या कर्णधार मुलीने एकच अट घातली होती. खेळ चालू असताना संगणकाने सेकंदाला एकशे वीस चित्रं दाखवली पाहिजेत, त्याखाली घसरायचं नाही. गुरुवारपर्यंत आकडा दाखवायचा, नाहीतर जागा पाचव्या मुलीला मिळणार. तुलीन महिनाभर त्यावरच वाचत होती. तिच्या वहीत उत्तर लिहिलेलं होतं, पांढरा.

"जिद्दो," ती आजोबांना हळूच म्हणाली, "मेमरी जास्त म्हणजे कार्ड जोरात असं नसतं. काळ्यातलं कार्ड तीन पिढ्या जुनं आहे."

"पिढ्या माणसांच्या असतात. यंत्राची क्षमता असते." त्यांनी मान वर केली नाही. "मोठी मोटर लहान मोटरपेक्षा कमी ओढते असं कुठं पाहिलंस?"

लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन आलेला एक टॅक्सीवाला भिंतीशी बसला होता. तो हसला. "उस्ताज, पोरीला ते लायटिंगवालं हवंय. लग्नाच्या हॉलसारखं दिसतंय ना!"

तुलीनचा चेहरा लाल झाला. अदीबही हसले. त्या हसण्याने आपण कुणाच्या बाजूला गेलो हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

"दिव्यांसाठीच का गं?"

"नाही, जिद्दो."

"मग आकड्यात सांग."

तिने वही उघडली. पण टॅक्सीवाला मान लांब करून बघू लागला, तशी तिने ती मिटून छातीशी धरली.

दुकानदार हैसम काउंटरमागे उभाच होता. उस्ताज आल्यापासून तो बसला नव्हता. वीस वर्षांपूर्वी तो त्यांच्या कार्यशाळेत शिकला होता. आता चाळिशी उलटली होती आणि इथले दोन्ही संगणक त्यानेच जोडले होते.

"उस्ताज, परवानगी असेल तर एक सांगू?"

"सांग. पण हैसम, माझी बेरीज झाली आहे. अकरा विरुद्ध सहा. बेरीज चुकली असेल तर दाखव."

हैसमने तक्ता पाहिला. बेरीज बरोबर होती. त्याने तुलीनकडे, टॅक्सीवाल्याकडे आणि शेवटी पुन्हा आपल्या शिक्षकाकडे पाहिलं, आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"बेरीज चोख आहे. तुमचा शब्द डोक्यावर. फक्त अर्धा तास द्या. आत नेऊन धूळ काढतो, एकदा तपासतो."

तो काळा संगणक आत घेऊन गेला. थोड्या वेळाने परत येऊन पांढराही घेऊन गेला. अदीबांना तो त्याचा नीटनेटकेपणा वाटला.

घरी जाताना तुलीन गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिली.

दुपारी वरच्या मजल्यावर, मुलाच्या घरी, काळा संगणक जोडून झाला. अदीब खुर्ची ओढून मागे बसले. सून लुबना मैरमिय्येच्या सुगंधी पानांचा चहा घेऊन दाराशी उभी राहिली. तुलीनने खेळ सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा हिरवा आकडा नाचू लागला आणि एकशे अडतीसच्या आसपास स्थिरावला.

"किती हवा होता?" अदीबांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"एकशे वीस."

"हं."

लुबनाने ट्रे ठेवला. "बघ. आणि आल्यापासून तोंड फुगवून बसली होतीस. म्हणे जिद्दोंना फक्त वजन दिसतं!"

तुलीन ऐकत नव्हती. तिने काहीतरी दाबून आतल्या भागांची यादी पडद्यावर आणली, एक ओळ दोनदा वाचली आणि वळली.

"जिद्दो, हे ते कार्ड नाही. हे पांढऱ्यातलं आहे. आठवालं."

अदीबांच्या हातात पेला होता. धूळ काढायला नेलेला काळा संगणक त्यांच्या डोळ्यांपुढे आला, आणि मागोमाग पांढरा. छातीवर ठेवलेला तो हात. एका क्षणात सगळं ध्यानात आलं, आणि त्याच क्षणी लुबनाने साध्या कौतुकाने विचारलं,

"म्हणजे जिद्दोंनी बदलून घेतलं?"

"हो," ते म्हणाले. "कॅबिनेट आणि प्रोसेसर काळ्याचा, कार्ड पांढऱ्याचं. मी सांगितलं होतं त्याला."

तुलीन खुर्चीतून उठली, त्यांच्याजवळ आली आणि वाकून तिने त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"माफ करा, जिद्दो. मला वाटलं तुम्हाला कळलंच नाही. मीच शहाणपणा करत होते."

चहा गरम होता. त्यांनी तो तसाच एका दमात संपवला.

गुरुवारची वाट बघावी लागली नाही. रविवारीच आकडा पाठवला गेला आणि तुलीनची जागा पक्की झाली. सोमवारी संघातल्या दुसऱ्या एका मुलीचा फोन आला. तिलाही संगणक घ्यायचा होता, कोणता घेऊ? अदीब जिन्यात होते. वरून तुलीनचा आवाज आला.

"मला नको विचारूस बाई, मला कुठलं कळतंय? मी तर चुकीचाच घेत होते. थांब, जिद्दोंना विचारून सांगते."

ते तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याशेजारी जुन्या कागदांचा गठ्ठा बाहेर काढून ठेवला होता. सगळ्यात वर तिची वही होती. त्यांनी ती उचलली आणि जिन्यातच उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचली. पहिल्या पानापासून एकही विधान पुराव्याशिवाय नव्हतं. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून घेतला हे लिहिलं होतं. असं काम त्यांच्या वर्गात वर्षाला एखादाच मुलगा करत असे, आणि त्याला ते उभं करून सगळ्यांसमोर शाबासकी देत असत.

बुधवारी सकाळी ते एकटेच दुकानात गेले.

हैसम उठून उभा राहिला, त्यांना खुर्ची दिली, थर्मासमधली कडू कॉफी छोट्या पेल्यात ओतून पुढे केली. अदीबांनी पेला घेतला आणि तो न पिता समोरच्या काउंटरवर ठेवला. मोठं मागणं घेऊन आलेल्याने ते मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, ही तिथली जुनी रीत.

हैसमने आधी पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याने दाराकडे नजर टाकली.

"उस्ताज, हे काय? इथं कुणाला मागणी घालायची आहे, की कुणाचा खून पडलाय?"

"तुझ्याकडे मागणं आहे."

"अहो, पण माझ्यापुढे कॉफी ठेवायची? तुम्ही? लोक काय म्हणतील मला? प्या, अल्लाच्या वास्ते प्या. जे असेल ते दिलं."

"आधी ऐक."

"तुमचं ऐकून मग देणार का मी? जमीन मागा, दुकान मागा. दिलं. प्या."

अदीबांनी पेला उचलला, तीन घोटांत संपवला आणि हलवून परत केला, आणखी नको म्हणून.

"कार्ड का बदललंस?"

हैसमने पेला धुण्याच्या भांड्यात बराच वेळ बुडवून ठेवला.

"तुम्ही सगळ्यांदेखत बोलून बसला होतात. नातीसमोर तुम्हाला खोटं पाडू? आणि पोरीचं नुकसान करू? दोन्ही जमत नव्हतं. जुनं कार्ड पांढऱ्यात घातलंय. घेणाऱ्याला सांगूनच विकीन."

"मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही म्हणालात, बेरीज चुकली असेल तर दाखव. बेरीज चुकलेली नव्हती." तो किंचित हसला. "आठवतं? मी एकदा वर्गात म्हणालो होतो, उस्ताज, वायरिंगचा नकाशा उलटा आहे."

"मग?"

"तासभर उभं केलंत. नकाशा उलटाच होता."

अदीबांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"नातीला मी सांगितलं की कार्ड मीच बदलायला लावलं," ते म्हणाले. "तिने माझी माफी मागितली, हैसम. वही टाकून दिली."

हैसमने धुतलेला पेला फडक्यावर उपडा ठेवला.

"शनिवारी मी तिला घेऊन येतो. तिच्या आईलाही, आणि तो संगणकही. तू जुनं कार्ड काळ्यात परत बसवायचं. मी निवडला होता तसा, जसाच्या तसा. आणि तो त्यांच्यासमोर चालवायचा. माझ्या कार्यशाळेत कुणाचंही म्हणणं चाचणीशिवाय मान्य होत नसे. माझंही व्हायला नको होतं."

"हे नाही होणार माझ्याच्यानं. तुम्ही सांगा ना तिला घरी, दोघांतच. माझ्या दुकानात, माझ्या हातानं तुमची..."

"कॉफी पोटात गेली आहे."

हैसमने कपाळावर हात मारून घेतला. "जमीन मागायची होतीत, उस्ताज. स्वस्तात सुटलो असतो."

शनिवार, २३ सप्टेंबर. लुबना दाराजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसली होती, आपल्याला इथे का आणलं हे न कळलेल्या माणसासारखी. अदीब बसले नाहीत. जसे विद्यार्थ्यांपुढे उभे राहत असत तसेच, हात मागे बांधून, काउंटरच्या या बाजूला उभे होते.

"दोन गोष्टी," ते म्हणाले. "एक. कार्ड मी बदलायला सांगितलं नव्हतं. हैसमने माझी लाज राखायला ते बदललं. दोन. ते मला कळलं तेव्हा मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

लुबनाने पर्सचा बंद घट्ट धरला. "जाऊ द्या हो. इतकं काय त्यात?"

"बोलू दे मला. तुलीनची वही बरोबर होती. किती बरोबर, ते आता दिसेल."

तुलीन पडद्यासमोर बसली होती. तिने वर पाहिलं नाही. हैसमने जुनं कार्ड बसवलं, दोन स्क्रू आवळले, झाकण न लावताच वीज सुरू केली. त्याच्या हातांना एरवी जी घाई असे ती आज नव्हती. खेळ उघडला. तीच जागा, तीच गर्दी, तेच मापन. पडद्याची पाठ अदीबांकडे होती.

"पाच मिनिटं होऊ दे," ते म्हणाले. "सुरुवातीचा आकडा खरा नसतो."

पाच मिनिटं फक्त कळांचा आवाज येत होता.

"वाच."

तुलीनची बोटं थांबली. तिने हैसमकडे पाहिलं. हैसम हातातल्या स्क्रूकडे बघत होता. मग तिने दाराशी बसलेल्या आईकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"एकशे एकवीस."

"काय?"

"एकशे एकवीस, जिद्दो. चालतंय की हे पण. तुमचंही तसं बरोबरच होतं."

"बघा," हैसम पटकन म्हणाला, "मी उगाचच घाई केली. इतका काही फरक..."

"झालं तर मग!" लुबना उठली. "चला आता."

अदीब हलले नाहीत. मुलीचे कान लाल झाले होते. तिचा डावा हात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यावर गेला होता, जणू तिथली धूळ पुसायची होती. तो हात हैसमसारखा छातीवर ठेवलेला नव्हता, इतकाच काय तो फरक. आठवडाभरात ती हे शिकली होती, आणि ते तिला कुणी शिकवलं हे विचारण्याची गरज नव्हती.

ते काउंटरला वळसा घालून आत आले. हैसम वाटेत होता. त्यांनी त्याच्या खांद्याला नुसता स्पर्श केला, तसा तो बाजूला झाला. त्यांनी नातीचं मनगट धरून तिचा हात पडद्यावरून खाली घेतला, वाकले, आणि दाराशी उभ्या असलेल्या सुनेला नीट ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"एकसष्ट."