हिरव्या रंगाची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. एवढं मला खात्रीने सांगता येतं. त्यापुढे मात्र माझा गोंधळ आहे, आणि तो तुमच्यापुढे मांडावा म्हणून ही कहाणी.

आमची इमारत तीन मजल्यांची. ती नवी होती तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून एका सुताराकडून मला करून घेतलं. चांगलं मुरलेलं लाकूड निवडून त्याने माझे उभे दांडे तासले आणि पायऱ्या खाचांत घट्ट बसवल्या. मग तो स्वतः माझ्यावर चढून उड्या मारून आला. जिन्याखालच्या दोन खुंट्यांवर माझी जागा ठरली.

ते दिवस धावपळीचे होते. कुणाचा दिवा गेला, कुणाची टाकी गळली, कुणाचं मांजर छज्ज्यावर अडकलं, की मला बोलावणं यायचं. "शिडी कुणाकडे आहे?" ही हाक जिन्यातून वर-खाली फिरायची. मला न्यायला आलेला माणूस दारातच गप्पांत रमायचा आणि कशासाठी आलो होतो तेच विसरायचा. मी अमक्याची, असं कधी कुणी म्हटलं नाही.

पुढे जुनी माणसं गेली, नवी आली. बघता बघता घरोघरी घडीच्या, चकचकीत, हलक्या शिड्या आल्या. माझी हाक बंद झाली. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. मी मनाशी म्हटलं, संपलं आता आपलं.

तेवढ्यात हिरव्या मावशी आल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका. शाश्वत जीवनशैलीबद्दल त्या इतक्या तळमळीने बोलत, की मुलांनी त्यांचं नावच तसं पाडलं होतं. मला भंगारात द्यायचं ठरत होतं, तेव्हा त्या आडव्या आल्या. जुनं टाकायचं नाही, त्याला नवं रूप द्यायचं, असं त्यांनी सगळ्यांना पटवलं. मला हिरवा रंग दिला, अंगणातल्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलं आणि पायरीपायरीवर कुंड्या टांगल्या. कुंड्या नव्या कोऱ्या, प्लॅस्टिकच्या. त्या ज्या खोक्यांतून आल्या, ती खोकी बरेच दिवस फाटकाशी पडून होती. वर पाटी लागली, 'शाश्वत जीवनाकडे आमचे पाऊल'. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मी वाचले याचा आनंद होताच. पण माझ्यावर आता कुणाचंच पाऊल पडत नव्हतं. मग पाटीवरचं ते पाऊल कुठलं, हे मला कळेना.

एका सकाळी पहिल्या मजल्यावरची सूनबाई कचऱ्याची बादली ठेवायला दाराबाहेर आली आणि वाऱ्याने दार मागे धाडकन लागलं. किल्ली आत. नुकतं चालायला लागलेलं लेकरू आत. गॅसवर दूध. शेजारच्या दोघांनी दाराला खांद्याने धडका दिल्या, पण दार हललं नाही. कुलूपवाला लांब होता, बंबाला फोन केला होता. गॅलरीचं दार उघडं होतं. धावत धावत घरोघरच्या शिड्या खाली आल्या. एकही गॅलरीपर्यंत पोचेना. दोन एकमेकींना बांधाव्यात, असंही कुणी सुचवलं. तोवर वरून करपल्याचा वास यायला लागला होता. मग तो थांबला आणि गॅसचा वास आला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती.

तेव्हा हिरव्या मावशींची नजर माझ्याकडे गेली. आपल्या हाताने लावलेल्या कुंड्या त्यांनी भराभरा ओढून खाली टाकल्या. दोघातिघांनी पहार घालून मला भिंतीपासून उपटलं. मी गॅलरीला टेकले. मावशींनी माझे दोन्ही दांडे छातीशी धरले आणि सूनबाई चढू लागली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्यावर माणसाचं वजन आलं, आणि मी घाबरले. रोज कुंड्यांना घातलेलं पाणी माझ्या खाचांत मुरलं होतं. वरून तिसरी पायरी तिच्या पायाखाली मोडली. ती लोंबकळली.

"दांड्याला धर," मावशी म्हणाल्या. "मी सोडत नाही."

तिने धरलं, पुढच्या पायरीवर गुडघा टेकवला आणि गॅलरीत उडी टाकली. थोड्याच वेळात एकेक खिडकी उघडत गेली. लेकरू जेवणाच्या टेबलाखाली बसून पिठाच्या डब्यात चमचा फिरवत होतं. पांढरं तोंड घेऊन ते आईच्या कडेवर बाहेर आलं आणि एवढी माणसं बघून हसलं. तेव्हा कुठे सूनबाई रडली.

त्यानंतर माझ्यावरून बैठक बसली. कुणी म्हणे, अंगण ओकंबोकं दिसतं, कुंड्या परत लावा. कुणी म्हणे, मोडकी शिडी धोक्याची, आता टाकाच. मग मावशी म्हणाल्या, "मला वाटलं होतं मी हिला वाचवलं. खरं काय ते आता मलाही नीट कळत नाही. पण पायरी नवी बसवून घेऊ."

पायरी बसली. ती तेवढी कोऱ्या लाकडाची पांढरी, बाकी मी हिरवी, आणि जागा पुन्हा जिन्याखालची. परवा वरच्या मजल्यावरचे काका ओशाळत मला न्यायला आले. त्यांची घडीची शिडी त्यांनी माळ्यावर टाकली होती आणि ती काढायला शिडी हवी होती.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार होते. पण रंगवून भिंतीला ठोकणं हेही जपणंच होतं, आणि त्यातच मी कुजले. शाश्वत म्हणजे काय, हे मला अजून सांगता येत नाही. तेव्हा एवढंच मागते. शेजाऱ्यालाही लागेल अशी एखादी वस्तू तुमच्या घरात असेल, तर ती कुठे ठेवली आहे ते त्याला सांगून ठेवा. आणि मला न्याल तेव्हा आधी पायऱ्या हाताने दाबून बघा. मला पुन्हा कुणाच्या पायाखाली मोडायचं नाही.