माझ्या तोंडावरचा पांढरा कागद

मित्रांनो, मी एक जुना, हवा ओढणारा पंप आहे. धरणगावच्या एका माळ्यावर रिकाम्या पोत्यांखाली पडून असतो. पोटात मोटर आणि तोंडावर पांढरा कागद, असं माझं रूप. हवेतले डोळ्यांना न दिसणारे कण त्या कागदावर अडकायचे. काम रटाळ, पण मी कधी कुरकुर केली नाही.

माझी उमेदीची वर्षं समुद्रकाठी गेली. धरणगावचा सुकदेव तिथे संशोधन करत होता. समुद्रावरच्या हवेतल्या कणांत नायट्रोजनची सेंद्रिय द्रव्यं येतात कुठून, हा त्याचा ध्यास. शेवाळ आणि मासे कुजले की त्यांचा तवंग पाण्यावर येतो, बुडबुडे फुटले की तो बारीक थेंबांनी हवेत उडतो. मासळीचा तो उग्र वासाचा वायूसुद्धा हवेतल्या आम्लाशी जुळून कण बनतो. पण त्या कणांत युरियाही सापडायचा. तो समुद्राचाच, की आपल्या गोठ्यांतून, शेतांतून वाऱ्याने गेलेला? हे पडताळायला १९८८च्या पावसाळ्यानंतर सुकदेवने मला घरी आणलं आणि धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छपरावर, ठेवलं.

दसरा आला. मला सुरू करून सुकदेव गावात सोनं वाटायला गेला. त्याची आई वच्छलाबाई नांगर, विळा, सायकल यांची पूजा करून वर आली. मुलाचं यंत्र कसं वगळणार? तिने मला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि पवित्र व्हावं म्हणून तोंडावर गोमूत्र शिंपडलं. एवढा मान मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. मी खुळा, फुशारून गेलो. शिंतोडे मात्र थेट कागदावर बसले आणि सुकदेव परत येईपर्यंत वाळूनही गेले.

दिवाळीला तो प्रयोगशाळेतून कागदाची तपासणी करून आला, तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"माय, आपला कागदवर युरियाच युरिया शे! समुद्रवरला बठ्ठा युरिया आठूनच जास. मना प्रबंध व्हयना समज!"

समुद्रावरचा सगळा युरिया इथूनच जातो, या आनंदात युरिया कशाकशात असतो, हेही त्याने कौतुकाने समजावलं. गोमूत्राचं नाव निघालं आणि वच्छलाबाईचा चेहरा उतरला. मी सगळं जाणत होतो, पण मला वाचा कुठली? ती गप्प बसली असती, तर सुकदेवची सगळी मेहनत एका खोट्या आकड्यावर उभी राहिली असती.  पण ती लेकाला म्हणाली, "भाऊ, दसराले मी त्याना तोंडवर गोमूत्र शिंपडं व्हतं. मनाकडथीन चूक व्हयनी."

सुकदेवने आकड्यांची वही मिटली. माझा जीव तुटला. तो म्हणाला, "माय, तू सांगं ते बरं व्हयनं. नहीतं मी बठ्ठास्ले खोटं सांगतू."

त्याने तपासणीतून उरलेला तो कागद फाडला आणि नवा लावला. त्यावर युरिया अगदी थोडा निघाला. मोठा शोध हातचा गेला, प्रबंध लांबला, पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

पुढच्या दसऱ्याला वच्छलाबाईने आधी कागद काढायला लावला, माझ्या तोंडावर फडकं बांधलं आणि मगच कुंकू लावलं. आता नवी यंत्रं आली, मी अडगळीत पडलो. तरी दर दसऱ्याला ती माऊली गुडघे धरत माळा चढते आणि आधी माझं तोंड झाकते, कागद नसला तरी.

मित्रांनो, आमची निगा राखा, पूजाही करा. पण हातून काही सांडलं, तर तेवढं सांगा. कागद सगळं टिपून घेतो, पण ते कुणी सांडलं, हे त्याला सांगता येत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं.