गच्चीपर्यंतची लोड टेस्ट

आमच्या ह्यांनी वाळवंटात जायचं जाहीर केलं तेव्हा मी मशीनवर एका गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होते. सुई बोटात गेली नाही, हेच नशीब.

"तंबूत राहायचं, पायी फिरायचं," हे म्हणाले. "आपण दोघं, लेक आणि जावई."

"आणि तिथे आहे काय?"

"काही नाही," हे खुशीत म्हणाले. "म्हणून तर जायचं."

हे लिफ्ट दुरुस्त करत. निवृत्त होईपर्यंत सगळा जन्म लिफ्टच्या शाफ्टमध्ये गेला. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला बंद दारं, हाताला ग्रीस आणि मान वर केली तर मोटरचं बूड. या माणसाला एकदा चहूकडे आभाळच आभाळ बघायचं होतं. आमचं लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी मला हे सांगितलं होतं. मग घर झालं, लेकीचं शिक्षण झालं, माझं दुकान झालं, आणि आभाळ आपलं मागे मागे राहिलं. त्यामुळे नाही म्हणायची माझी काय बिशाद! अडचण एकच होती आणि ती त्यांच्या डाव्या पायात होती. गुडघा.

गुडघ्याचा विषय आमच्याकडे निघत नाही. "जरा आखडलाय," याच्या पुढे हे जात नाहीत. मुळात आमच्या घरात कुणी कुणाजवळ काही बोलतच नाही. जो तो दुसऱ्याचं भलं गुपचूप करून मोकळा होतो. मला दिसायला त्रास होतोय हे मी कधी म्हटलं नव्हतं. एक दिवस मशीनजवळ आयता चष्मा येऊन बसला होता. चुकीच्या नंबरचा.

तर, आमच्या बैठकीच्या खोलीत वाळवंट अवतरलं. टेबलावर नकाशा, सोफ्यावर झोपायच्या पिशव्या. जावईबापू एका कंपनीत हिशेब बघतात, अगदी शांत माणूस, पण कँपिंगच्या दुकानात शिरले की त्यांचं लहान मूल होतं. त्यांनी आणलेली चूल तळहाताएवढी आणि तिचं माहितीपत्रक चादरीएवढं. डोक्याला बांधायचा दिवा, त्या दिव्याला पिशवी, त्या पिशवीला कुलूप! नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. तंबू उभा करून बघितला, तर एक दोरी फ्रिजच्या मुठीला बांधावी लागली. मग कुणी दूध काढायला गेलं की तंबू आडवा.

लेक दातांची डॉक्टर. तिने त्या भागाच्या पर्यटन कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी बजावलं, की नळ नाही, विहीर नाही, सावलीची आशा धरू नका आणि प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या पाठीवर. झालं, लेकीने एकसारख्या बाटल्यांचा ढीग आणला. मी माझ्या बाटल्यांच्या गळ्यात मशीनवरचा लाल दोरा बांधला. मला कुणाचं उष्टं चालत नाही.

नकाशात दोन वाटा होत्या. एक कड्यावरून, एक कोरड्या नदीच्या पात्रातून. ह्यांचं बोट थेट कड्यावर.

"बाबा, नदीची वाट सपाट आहे," लेक म्हणाली.

"सपाटीवर चालायला वाळवंटात कशाला जायचं? बाजारात जाऊ की."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघितलं. जावईबापूंनी चुलीचं माहितीपत्रक पुन्हा वाचायला घेतलं.

आमची ही गप्प बसण्याची तऱ्हा ह्यांना बरोबर कळली असणार, कारण दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं.

"दुरुस्त केलेली लिफ्ट मी कधी तशीच चालू केली नाही. आधी वाळूची पोती भरायची, वरपर्यंत न्यायची, मगच माणसं. आपलीही लोड टेस्ट होईल. रविवारी सकाळी भरल्या सॅकनिशी, जिन्याने गच्चीपर्यंत. मध्ये जो बसेल तो घरी राहील. मीसुद्धा."

"आठ मजले?" जावईबापूंचा आवाज बारीक झाला.

"घोडामैदान जवळच आहे, जावईबापू."

हा माणूस एकदा बोलला की बोलला. पाचव्या मजल्यावर गुडघ्याने दगा दिला, तर हे आपला शब्द फिरवणार नाहीत. आम्हाला टाटा करून घरी बसतील, आणि जन्मभराचं ते आभाळ कायमचं राहून जाईल.

शनिवारी चारही सॅक भरून दाराशी उभ्या राहिल्या. हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी त्यांच्या सॅकमधला तंबू उपसला आणि माझ्या सॅकमध्ये वरून कोंबला. उचलून बघितली, तर फारशी जड लागेना. रोज सकाळी फिरायला जाते त्याचा गुण, म्हटलं. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

रविवारी हे सगळ्यात पुढे. चौथ्या मजल्यावर शीळ घालायला लागले, सहाव्यावर मागे वळून आम्हाला हसले. जावईबापूंच्या छातीचा भाता झाला होता. लेक कठड्याला धरून चढत होती. आणि हे गच्चीचं दार ढकलून बाहेर गेले ते कमरेवर हात ठेवूनच उभे.

"सॅक पिसासारखी, आणि गुडघा आहे की नाही तेच कळेना!" स्वतःभोवती एक गिरकी घेऊन म्हणाले. "उगाच घाबरत होतो मी. अजून जमतंय की!"

इतका आनंद त्या चेहऱ्यावर मी लेकीच्या जन्मानंतर बघितला नव्हता. मी आपली पलीकडच्या इमारतींची खिडक्या-दारं बघत राहिले. चोराच्या मनात चांदणं.

"चला, पाणी पिऊ," म्हणून त्यांनी सॅक उघडली. एक टॉवेल निघाला. एक टोपी. मग हात कोपरापर्यंत आत गेला आणि तसाच रिकामा बाहेर आला.

"पाणी कुठंय? तंबू? डबे?"

मी मुकाट्याने माझ्या सॅकमधून तंबू काढला. जावईबापूंनी मान खाली घालून डबे काढले. लेकीने बाटल्या काढून ओळीने मांडल्या. तिघांनीही, एकमेकांना न सांगता, एकाच सॅकवर डल्ला मारला होता.

हे टाकीच्या कट्ट्यावर बसले. "म्हणजे मी रिकामी सॅक घेऊन नाचत होतो," म्हणाले. "रिकामी लिफ्ट काय, कशीही वर जाते. मी नापास. तुम्ही तिघं जा."

मला रडूच फुटणार होतं. माणसाला एवढं उंच चढवायचं आणि मग असं खाली आणायचं, हे पाप आमचंच. डोळे पुसायला मान वळवली तर लेकीने मांडलेल्या बाटल्या समोर. गळ्यात लाल दोरा.

"या तर माझ्या! तुझ्याकडे कशा?"

"बाबांच्या सॅकमधून काढल्या."

मी माझी सॅक उलटी केली. आत एकही बाटली नव्हती. आम्ही तिघांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे एकदम टाकीची तोटी तपासायला लागले.

"दिवसभर मशीनवर बसून तुझी पाठ धरते," हे तोटीला सांगत होते. "म्हटलं, तेवढंच ओझं कमी."

आता माझं डोकं फिरलं. "मग मीही नापास! आणि हे दोघं? त्यांनी दुसऱ्यांचं वाहिलं, तेही नापास. अहो, लिफ्टमध्ये जन्मभर पाट्या कुणी लावल्या? त्यावर काय लिहिलेलं असतं? प्रत्येक माणसाने किती जड असावं ते?"

"नाही. एकूण भार."

"मग? सगळं सामान वर आलं, चारही माणसं वर आली. मध्ये कुणी बसलं?"

"नाही," जावईबापू पटकन म्हणाले.

"झाली टेस्ट!"

ह्यांनी तोटी सोडली. मग म्हणाले, "पण चोरून का काढलंत? मागायचं होतं."

"दिलं असतंत?"

"छे!"

"मग माझ्या बाटल्या तुम्ही तरी का नाही मागितल्यात?"

यावर मात्र त्यांना हसू फुटलं.

खाली जायला लिफ्ट बोलावली. आमची लिफ्ट जुनी, चारच माणसांची. सॅक आत ठेवल्या, आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो, आणि ओव्हरलोडची घंटी वाजली. कुणीतरी एकाने उतरायला हवं होतं. आम्ही चौघंही एकदम बाहेर आलो. दार मिटलं, खालून कुणीतरी बटण दाबलं असणार, आणि आमच्या सॅक घेऊन लिफ्ट निघून गेली. जावईबापू तर हसता हसता जमिनीवरच बसले.

मग जिना उतरायला लागलो. पहिल्याच वळणावर हे थांबले.

"अगं," म्हणाले, "जरा खांदा दे. उतरताना जास्त दुखतो."

इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं. मी खांदा दिला. त्यांनी चांगला भार टाकला, अजिबात न लाजता. तो मला मुळीच जड झाला नाही.

आणखी एक मजला उतरल्यावर त्यांनी लेकीला हाक मारली. "त्या नदीच्या पात्रातून आभाळ दिसतं का गं चहूकडे?"

"दिसतं, बाबा. पात्र खूप रुंद आहे."

"मग तीच वाट घेऊ," हे म्हणाले.