वास : नाही

बाटली एक ते बारा.
ठिकाण : गल्ली एक ते बारा.
खरं ठिकाण : ऑफिसमागचा नळ.

पाणीखात्यात नमुने गोळा करायचं काम माझं. पहिल्याच दिवशी साहेबांनी शिकवलं, पाणी काय गल्ली बघून चव बदलतं का? एकाच नळाखाली बारा बाटल्या भर, चिठ्ठ्या चिकटव, मोकळा हो. चिठ्ठीवर 'वास' असा रकाना असतो. तिथे आम्ही 'नाही' आधीच लिहून ठेवतो, नंतर ओल्या हातांनी शाई फिसकटते.

बाटली सात.
ठिकाण : सातवी गल्ली.

म्हणजे आमचं घर. तिथून मी कधी थेंबही घेतला नव्हता.

वहिनी म्हणाली, पाण्याला वास येतोय. कसला, ते तिला सांगता येईना. तुंबलेल्या मोरीसारखा, मग म्हणाली, तसाही नाही, पण मन घेत नाही. बाबा नुकतेच आजारातून उठलेले. त्यांच्यापुरत्या दोन कळश्या ती चढावरच्या वस्तीतून आणू लागली. दादाने खात्याच्या वेबसाइटवरून अहवाल काढला आणि फ्रिजवर चिकटवला. सातवी गल्ली, पाणी निर्धोक, आकडे दशांशासकट. हिच्या नाकालाच खात्यात लावून घ्या, म्हणाला.

वहिनी माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

नोकरी कायम व्हायला दोन महिने उरले होते. मी म्हणालो, अहवालात आहे तसंच असणार.

दुसऱ्या दिवशी कळश्या माळ्यावर गेल्या.

याला रकाना नाही, तरी लिहितो.

एका नळाच्या बारा बाटल्या, पण अहवालात बारा वेगवेगळे आकडे. म्हणजे प्रयोगशाळेत बाटल्या उघडतच नाहीत. हे मला केव्हाच कळलं होतं. तरी फ्रिजवरचा तो शिक्क्याचा कागद रोज पाहून पाहून मला खरा वाटू लागला. मीही तेच पाणी पीत होतो. वास मला येत नव्हता.

बाटली : नाही.
ठिकाण : हॉस्पिटल, दुसरा मजला.

बाबांचे जुलाब पाच दिवस थांबेनात. डोळे खोल गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी कुठलं पिता? वहिनीने तोंड उघडण्याआधीच दादाने मोबाईलवर अहवाल पुढे केला. बाईंनी तो तारखेसकट नीट वाचला. मग केसपेपरवर लिहिलेलं 'पाणी?' खोडलं आणि त्याखाली पोटाच्या दुसऱ्याच तपासण्या लिहिल्या. चार दिवस लागतील, म्हणाल्या.

"नमुना घेणारा माणूस भरवशाचा हवा, एवढंच."

"आमचा धाकटाच घेतो," दादा छाती फुगवून म्हणाला. "घरचाच माणूस."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

वहिनी तोवर बाबांना चमच्याने पाणी पाजू लागली होती, घरून भरून आणलेलं.