एका घरात एकच

चिमीची फी माफ झाली त्या दिवसापासून घारीच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. चिमी तिची सख्खी चुलतबहीण. दोघींच्या खोल्या एकाच मजल्यावर समोरासमोर, कॉलेज एक, वर्ग एक, इतकंच काय, लहानपणी गोवरसुद्धा दोघींना एकदमच निघाला होता. आता मात्र चिमीची वर्षाची फी, पुस्तकं आणि वर बसचं भाडं कॉलेजची मदत समिती देणार होती. घारीला काय, तर ठेंगा.

समितीचा नियम साधा होता. एका घरात एकच मदत. आडनाव एक, पत्ता एक, विजेचा मीटर एक, म्हणजे समितीच्या लेखी घरही एकच. त्यातून कुठली मुलगी निवडायची हे ठरवायला समितीच्या बाई स्वतः घरी येऊन बघायच्या.

आणि इथेच आईने घोळ घातला. पाहुणे येणार म्हटलं की समोरच्या जावेकडून वस्तू आणायच्या, आणि जावेकडे कुणी आलं की आपल्या तिकडे पोचवायच्या, ही दोघी जावांची जुनी रीत. आईच्या कानावर ‘कॉलेजातून बाई येणार’ एवढंच पडलं. तिने काकूंच्या दोन्ही खुर्च्या आणल्या, टेबलफॅन आणला, चांगल्या कपबश्या आणल्या, एवढंच नाही तर त्यांच्या दाराचा पडदा उतरवून आपल्या दाराला लावला. बाई आपली गरिबी बघायला येताहेत, तेव्हा ती झाकायची नसते, हे तिच्या गावीही नव्हतं. बाई ऐसपैस खुर्चीत बसल्या, पंख्याचा वारा घेतला, चहा प्याल्या आणि समोरच्या खोलीत गेल्या. खुर्च्या परत पोचवायला वेळ कुठे होता? तिथे काकूंनी बाईंना उलट्या बादलीवर बसवलं.

महिन्याभराने निकाल लागला. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे तर घरही बडं नव्हतं, नुसत्या खुर्च्या होत्या, आणि त्याही उसन्या. घारी आईशी दोन दिवस बोलली नाही. चिमीशी ती बोलत राहिली, पण ते बोलणं तोंडदेखलं होतं.

वर्षभर ती आतल्या आत धुमसत राहिली. पहाटे उठून बाबांच्या इस्त्रीच्या दुकानात जायचं, शर्टांवर पाणी शिंपडायचं, कॉलरी करायच्या, गठ्ठे बांधायचे आणि मग कॉलेज गाठायचं. बाबा फी हप्त्याहप्त्याने भरत. हप्त्याची तारीख जवळ आली की हॉटेलच्या चादरींचं जास्तीचं काम घेत, आणि त्यांच्या पाठीला रग लागे. समोर चिमी मात्र निवांत उठायची. केस नीट विंचरून, नवं पुस्तक छातीशी धरून दारात उभी राहायची आणि म्हणायची, घारे, आटप.

चिमी वाईट असती तर बरं झालं असतं, पण ती वाईटही नव्हती. पुस्तक मिळालं की आधी घारीला द्यायची. घारीला वाटे, उष्टं नाही म्हणून काय झालं, दान ते दानच. घारीकडे बसचं भाडं नसे, म्हणून चिमीही तिच्याबरोबर चालत येई. आता यात राग येण्यासारखं काय होतं? पण घारीला येई. खिशात भाडं असून चालते, म्हणजे आपल्याला हिणवतेच की, असं तिने पक्कं ठरवून टाकलं होतं. मत्सराला कारण लागत नाही, निमित्त पुरतं.

वर्ष सरत आलं आणि पुढच्या वर्षाची फी वाढल्याची सूचना लागली. त्या संध्याकाळी बाबांनी दुकानातलं दुसरं टेबल विकायला काढलं. घारीने ते पाहिलं आणि तिचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी चिमीला चुकवून ती समितीच्या बाईंकडे गेली आणि सगळं ओकली. त्या खुर्च्या आमच्या नव्हत्या, पंखा आमचा नव्हता, पडदासुद्धा आमचा नव्हता. सगळं चिमीच्या घरचं होतं. तिचं काढून घ्या असं ती म्हणाली नाही, पण दुसरं काय म्हणायला ती तिथे गेली होती?

बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “अगं, ते मला तेव्हाच कळलं होतं. समोरच्या दाराला पडद्याची नुसती दांडी होती. मी तुझंच नाव लिहिणार होते.”

“मग?”

“तुझे वडील जिन्यापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, एकच मिळणार असेल तर माझ्या पुतणीला द्या, माझ्या मुलीचं मी बघतो. मी दोनदा विचारलं त्यांना.”

 इतके दिवस घारी चिमीवर जळत होती, आणि घास काढून देणारा हात घरातलाच निघाला. तिथून ती तडक दुकानात गेली. बाबा चादरीची घडी घालत होते. तिने आडवळण घेतलंच नाही, जिन्यात काय बोललात ते विचारलं.

बाबांनी इस्त्री उभी केली. “तुझा काका कसा आहे तुला माहीत आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडून एक पैसा घेणार नाही. पोरगी घरी बसवेल, पण भावापुढे हात पसरणार नाही. कॉलेजने दिले तर घेतो. तुझं तसं नाही. तुझ्यासाठी मी आहे.”

“मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते,” घारी म्हणाली. आणि मग जे इतके दिवस मनात होतं ते तोंडातून निघून गेलं, “तुम्हाला ती माझ्यापेक्षा जवळची आहे.”

 इस्त्री गार होत चालली होती, ती बाबांनी पुन्हा तापत ठेवली.

मदत दरवर्षी नव्याने ठरायची, त्यामुळे सुट्टीत बाई पुन्हा आल्या. या वेळी घारीने आईला दारातच अडवलं आणि समोरून एक चमचासुद्धा आणू दिला नाही. बाई सतरंजीवर बसल्या. दारात काका-काकू आणि त्यांच्या मागे चिमी उभी होती. बाबा घसा खाकरून म्हणाले, आमचं काय, आमचं चाललंय ठीक. घारीला पुढचं वाक्य पाठ होतं, ते तिने येऊच दिलं नाही.

“ठीक चाललेलं नाही,” ती म्हणाली. “बाबांनी टेबल विकलं. त्यांची पाठ गेली आहे. यंदा मदत मला हवी.”

 बाबा सतरंजीच्या दशा नीट करत बसले. चारचौघांत आपल्या बापाची झाकली मूठ आपण उघडली, हे घारीला कळत होतं, पण शब्द मागे घ्यावासा वाटत नव्हता. तेवढ्यात दारातून चिमी शांतपणे म्हणाली, “तिलाच द्या बाई. तिचाच नंबर आहे.”

घारीला वाटलं, हिने निदान एकदा तरी भांडावं. भांडून मिळवलं असतं तर ते आपलं झालं असतं. आता मिळालं तेही चिमीने दिल्यासारखंच झालं.

मिळालं मात्र खरं. फी, पुस्तकं, बसचं भाडं, सगळं. बाबा म्हणाले, आता पहाटे दुकानात येऊ नकोस, झोप जरा. कॉलेज सुरू झालं त्या दिवशी घारी उशिरा उठली, केस नीट विंचरले, कोरं पुस्तक हातात घेतलं आणि चिमीच्या दारावर टकटक केली. काकू म्हणाल्या, ती मघाशीच गेली.

बसच्या थांब्याची वाट दुकानावरून जाई. थांबा पलीकडच्या कोपऱ्यावर होता, जाता जाता घारीने दुकानात डोकावलं. आत उरलेल्या एकुलत्या टेबलापाशी चिमी उभी होती. ती शर्टावर पाणी शिंपडत होती आणि जरा जास्तच शिंपडत होती. बाबा तिचा हात धरून दाखवत होते, कॉलर टोकाकडून आत न्यायची, मधून बाहेर नाही. घारीला त्यांनी अगदी असंच शिकवलं होतं. चिमी काहीतरी बोलली आणि बाबा हसले. कितीतरी महिन्यांत घारीने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

तिला बघून बाबांनी सांगून टाकलं. काका फुकटचे पैसे घेईनात, पण कामाची मजुरी नको कशी म्हणतील? चिमी पहाटे इथे येणार आणि तिची फी त्यातून जाणार. एक फी दुकानाला झेपते, दोन झेपल्या नसत्या. सगळं कसं जमून आलं होतं. चिमी ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, घारे, तू हो पुढे, मी चालत येते.

घारी तिथेच उभी राहिली. तिने पुस्तक टेबलाच्या कडेला ठेवलं आणि पाण्याच्या भांड्याकडे हात नेला.

“मी करते थोडं,” ती म्हणाली. “दोघी करू.”

“टेबल एकच आहे ग,” बाबा म्हणाले, अगदी मायेने म्हणाले. “तू जा, तुझी बस चुकेल. तुला आता काय कमी आहे?”