चेहरा शेवटी

नवऱ्यानं टाकल्यावर विमला चांदीपला माहेरी परत आली आणि भावाची शेती तिनं अंगावर घेतली. भाऊ शंकर गोड गळ्याचा, बोलघेवडा माणूस. भजन, निवडणूक, कुणाची तरी सोयरीक, यातच त्याचा दिवस जाई. लावणी, कापणी, झोडणी, डोक्यावरचे भारे, सगळं विमलानं ओढलं. वहिनी बाळंतपणात गेली, तेव्हा तिचा प्रणवही हिनंच वाढवला.

शंकर वारला तसं प्रणवनं शेत विकलं आणि आचोळ्यात फ्लॅट घेतला. आत्याला सोबत आणलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, उरलेल्या वेळात माणसांची चित्रं काढायचा. स्वयंपाकघर त्याच्या बायकोचं, हेमालीचं. आत्याला दिवसभर हाताला काम नव्हतं. त्यामुळे एका रविवारी प्रणव म्हणाला, "आत्या, जरा कापणीला वाकतेस तशी वाकून दाखव ना," तेव्हा तिनं लगेच पदर खोचला.

पुढचे कित्येक रविवार ती हॉलमध्ये वाकली, बसली, भारा उचलल्यासारखे हात डोक्यावर धरून उभी राहिली. कंबर भरून यायची, तरी ती पुन्हा वाकायची. प्रणव कोळशानं भराभर रेघा ओढायचा. हात, पाय, पाठ सगळं कागदावर उतरायचं, चेहऱ्याची जागा तेवढी कोरी.

"माझा तोंड कधी काढशील रे?"

"चेहरा शेवटी, आत्या."

रंगकाम तो वसईला, त्याचा मित्र मार्सेल याच्या जागेत करायचा. मार्सेलनं घराच्या वरच्या मजल्यावर छोटी गॅलरी काढली होती. प्रणवचं पहिलं प्रदर्शन तिथंच ठरलं.

आत्यानं बिल्डिंगभर सांगितलं, "माझी चित्रं लावनार हायेत." चांदीपहून तिनं आपली मैत्रीण कृष्णाबाई हिला बोलावून घेतलं. दोघी नव्या साड्या नेसून, हेमालीचा हात धरून जिना चढल्या.

आत भिंतीभर शंकर होता. शंकर भात कापत होता. शंकर चिखलात वाकून लावणी करत होता. डोक्यावर भारा घेऊन बांधावरून येणारा शंकर तर दारासमोरच होता. अंगात गंजी, कमरेला पंचा. पण कोपर, पोटऱ्या, सुजलेली बोटं सगळी विमलाची होती.

कृष्णाबाई मोठ्यानं हसली. "अगो, ह्यो तं शंकर! ह्यानं कधी कापनीला विला धरला?"

दोन-चार माणसांनी वळून पाहिलं. हेमालीनं घाईनं कृष्णाबाईला खुर्ची दिली. तिकडे मार्सेल माईकवर सांगत होता, "प्रणवचे वडील साधे शेतकरी. त्यांच्या घामातून ही चित्रं आली आहेत." प्रणवनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, त्याला भरून आलं.

चष्मा लावलेल्या एका बाईंनी आत्याला गाठलं. "तुम्ही यांच्या बहीण ना? फार राबले हो तुमचे भाऊ."

प्रणव चार हातांवर उभा होता. त्याचं सगळं लक्ष इकडेच होतं.

"हो," आत्या म्हणाली. "लई राबला."

घरी आल्यावर ती जेवली नाही. प्रणव तिच्याजवळ येऊन बसला.

"आत्या, चित्र म्हणजे फोटो नसतो. बाबांची आठवण येत होती मला. आणि शेतकरी बाप म्हटलं की लोकांना पटकन कळतं."

"आन मी कोन?"

"तुझंही काढतो," तो म्हणाला. "एकटीचं. मोठं."

"लहानपनी तुला गोष्टी मीच सांगायची," ती म्हणाली, "तुझा बाप लई मोठा मानूस. आईविना पोर, बापाचा तरी अभिमान वाटावा म्हनून. तू खरंच धरलंस ते." मग ती भिंतीकडे तोंड करून पडली.

प्रदर्शन गाजलं. वर्तमानपत्रात शंकरच्या भाऱ्याचा फोटो आला आणि मुंबईच्या एका गॅलरीनं सगळी चित्रं मागितली. त्या धावपळीतही प्रणवनं शब्द पाळला. शाळेला सुट्टी लागताच त्यानं आत्याचं चित्र पूर्ण केलं आणि हॉलमध्ये, टीव्हीच्या वरती टांगलं. मन लावून काढलं होतं. आत्या बाल्कनीत वेताच्या खुर्चीत बसलेली, अंगावर इस्त्रीची साडी, केस विंचरलेले, हात मांडीवर एकावर एक. बोटंसुद्धा त्यानं जरा नीट, सरळ केली होती.

"चेहरा आलाय ना अगदी तुझा?" त्यानं विचारलं.

आत्या जवळ गेली. चेहरा बघितला, मग मांडीवरचे हात.

"आलाय," ती म्हणाली. "बरी हाय बाई. हिला जल्मात काम नाय पडलं."

ती काय म्हणाली ते प्रणवला समजलं. मुंबईला जायची चित्रं अजून मार्सेलकडेच होती, चेहरे बदलून तिचे करता आले असते. तेवढ्यात फोन वाजला. चित्रं न्यायला टेम्पो आला होता, मार्सेल विचारत होता, भरू का.

"भर," प्रणव म्हणाला.

आत्या आत निघून गेली. त्यानंतर पाहुणे आले की ती हॉलमध्ये बसेनाशी झाली.