रंगुबाईचा फोटो

सोनईच्या लंकाबाईला धाकट्या जावेचं काहीच बघवत नसे. पण या जावेच्या, रंगुबाईच्या, छातीचा फोटो निघाल्यापासून तिला घास गोड लागेना.

झालं होतं असं. बाजाराच्या दिवशी गावात बसणाऱ्या एका डॉक्टरनं रंगुबाईचा खोकला ऐकून तिला नगरला फोटो काढायला धाडलं. फोटो हाती येईपर्यंत डॉक्टरनं सोनईला येणंच सोडलं. मग घरच्यांनीच निकाल लावला : फोटो काढला, म्हणजे दुखणं निघालं. सासूबाईंनी, म्हणजे भीमाबाईंनी, तो खिडकीला लावला. सकाळच्या उन्हात रंगुबाईच्या बरगड्या उजळत आणि आल्यागेल्याला चहाआधी त्यांचं दर्शन घडे.

लंकाबाईच्या बरगड्या कुणी पाहिल्या होत्या? पोट तिचंही दुखायचं. तिच्या वाट्याला ओवा आणि गरम पाणी.

शेवटी एके दिवशी तिनं तो फोटो लुगड्याच्या घडीत घातला आणि यष्टीनं नेवाशाच्या नव्या डॉक्टरकडे गेली. फोटोवाल्या पेशंटला कोण उभं ठेवणार? आणि खरंच, फोटो उजेडात धरताच डॉक्टरनं तिला पंख्याखाली खुर्ची दिली.

"खोकला कधीपासून?"

"खोकला न्हाई. पोट दुखतंय."

"ताप? खोकल्यातून रक्त?"

"न्हाई बा."

डॉक्टरनं फोटोकडे पाहिलं, मग लंकाबाईच्या भरल्या अंगाकडे. "बाई, या फोटोप्रमाणे तुम्हाला यष्टीतून उचलून आणावं लागलं असतं. टीबी आहे. उजवीकडे चांगलाच पसरलाय. लगेच औषध घेतलंत तर वाचाल."

घटकाभर लंकाबाईला बरं वाटलं. एवढं मोठं दुखणं, वर पंखा! मग 'वाचाल' कानात शिरलं, आणि चुलीपाशी तोंडाला पदर लावून खोकणारी रंगुबाई डोळ्यांपुढे आली.

"दादा, ह्यो फोटो माजा न्हाई. आमच्या धाकटीचा हाय."

डॉक्टर सावकाश खाली बसला. "तिला आधी कुणी काय दिलं, ते काही ठाऊक आहे?" या प्रश्नाला 'लाल औषध' यापलीकडे उत्तर मिळत नाही, हे त्याला पाठ होतं.

"घोडेगावच्या वैद्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्यानं अंगावर पुरळ उठलं. राहुरीच्या डाक्टरनं सुया टोचल्या. ताप उतरला तशी ही जायची बंद झाली. औषधाची बाटली अर्धी पिली, अर्धी नंदंच्या पोरीला दिली. ताप दिवे लागल्यावरच येतो. भाकरी चतकोर खाती, बाकीची कुत्र्याला. संक्रांतीला लाल थुकली. पान खाल्लंय म्हनली. कशाचं पान? पानाची चंची माज्या कमरेला हुती!"

डॉक्टर भराभर लिहीत होता. पोटाचं दोघंही विसरले.

"जावेवर फार माया दिसते तुमची."

"माया?" लंकाबाईला अपमान वाटला. "जळते मी तिच्यावर! तिला काय काय मिळतंय, त्यावर नजर नको ठेवाया?"

"उद्याच घेऊन या तिला. दीड वर्ष रोज औषध. बरं वाटलं तरी सोडायचं नाही. शिवाय दूध, अंडी, विश्रांती."

लंकाबाईचा चेहरा उतरला. "म्हस मी पिळायची, कोंबड्या मी राखायच्या, आन् ही बसून खानार?"

"हो. आणि तिनं मधेच गोळी चुकवली तर?"

"चुकवंल कशी?" लंकाबाई उसळली. "मी हाय न्हवं तितं!"